भावजींचा आठ धागा

साता समुद्रापलीकडच्या ग्वाटेमाला देशात आज कोणतं चिन्ह उजाडलं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. दुसरा कोणी असेल तर त्याच्या घरच्या बाईने मला जरूर कळवावं. आमचं दोघींचं बोलणं चांगलं जमेल. अंबडमध्ये भावजींचं मोटारी भरण्याचं दुकान होतं. शेतावरची मोटार जळाली की शेतकरी ती पोत्यात घालून आणत, भावजी आतली काळी पडलेली तार उपटून काढत आणि तांब्याची नवी तार वेढ्याला वेढा लावून भरत. हात असा की भरलेली मोटार चार-पाच उन्हाळे तक्रार करत नसे. लग्न केलेलं नव्हतं. आधी म्हणाले दुकानाचं बस्तान बसू द्या, बस्तान बसलं तेव्हा आमची मुलं लहान होती आणि काकाशिवाय जेवत नव्हती, आणि मुलं शिकायला बाहेर पडली तोवर भावजींच्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलं नव्हतं. राहायला दुकानामागची खोली, जेवायला आमच्याकडे, असा त्यांचा बंदोबस्त होता आणि तो मीच लावलेला असल्यामुळे मला त्यात काही खोट दिसत नव्हती.

काही वर्षांपूर्वी जग बुडणार अशी हूल उठली होती, ती तुम्हाला आठवत असेल. माया लोकांचं जुनं पंचांग संपतंय, म्हणून जगही संपणार, असं जो तो सांगत होता. त्या दिवशी भावजी भर दुपारी दुकान बंद करून आले आणि पाटावर बसले. म्हणाले, बुडायचंच असंल तर वहिनीच्या हातची पुरणपोळी खाऊन बुडतो. मी डाळ रात्रीच भिजत घातलेली होती, कारण बुडणं न बुडणं आपल्या हातात नसतं, स्वयंपाक असतो. दुसऱ्या दिवशी जग जागेवर होतं. बाकीचे लोक हसून विसरले. भावजींना मात्र माया लोकांच्या वतीने राग आला. त्यांनी मोबाइलवर शोधून शोधून वाचलं, तर त्या बिचाऱ्यांनी जग बुडणार असं कधी म्हटलंच नव्हतं. त्यांचा एक मोठा आकडा भरून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होता, एवढंच. "वहिनी, जीपचं मीटर नव्व्याण्णव हजारावरून शून्यावर आलं म्हणून जीप मरती का?" असं त्यांनी मला विचारलं आणि लोकांनी ज्यांचं उलटं वाचलं त्यांचं आपण बराबर वाचायचं, असं ठरवून टाकलं.

बराबर वाचायला लागल्यावर त्यांच्या हाती त्या लोकांचं रोजच्या वापराचं पंचांग लागलं, जे तिकडच्या डोंगरातल्या गावांत आजही मोजलं जातं. मला कोणतीही नीट लावलेली गोष्ट आवडते, त्यामुळे खरं सांगते, हे पंचांग मला पहिल्याच दिवशी पटलं. वीस दिवसांची वीस चिन्हं आणि एक ते तेरा आकडे. दोन्ही एकमेकांशेजारी दातेरी चाकांसारखी फिरत राहतात. आज तीन हरीण असेल तर उद्या चार बी, परवा पाच पाणी. आकडा आणि चिन्ह यांची तीच जोडी पुन्हा यायला दोनशे साठ दिवस, म्हणजे मूल पोटात राहून जन्माला यायला लागतात तेवढे. भावजींनी सगळ्या चिन्हांना आपली नावं दिली. मगर, वारा, पहाट, जाळं, साप अशी सुरुवात करून पाऊस आणि सूर्यापर्यंत. एक चिन्ह तिकडे माकडाचंही होतं आणि सुताचंही, आणि तो दिवस लग्नाच्या बोलणीला उत्तम. भावजींनी त्याचं नाव धागा ठेवलं. माकड म्हणून सोयरीक न्यायची कशी, असं ते म्हणाले, आणि शिवाय ज्याचा जन्म तार गुंडाळण्यात गेला त्याला धागा जवळचा वाटणारच.

दिवस म्हणजे दारात आलेला पाहुणा, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, तेव्हा जो आला त्याच्या कलाने घ्यायचं. वाऱ्याच्या दिवशी ते भांडण ऐकूनही घेत नसत, कारण त्या दिवशी निघालेला शब्द लांब जातो. कुत्र्याच्या दिवशी आमच्या घरून भाकऱ्यांची चवड जायची आणि बसस्टँडपासून दुकानापर्यंत कुत्र्यांची वरात निघायची. मगरीच्या दिवशी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणून ते तारेला हात लावत नसत. पाने, पक्कड आणि दुकानाचा ओटा पुसून घेत. घुबडाचा दिवस माफीचा. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येकाची हात जोडून माफी मागायची, कशाबद्दल ते सांगायचं नाही. एकदा त्यांनी आमच्या दूधवाल्याची अशी माफी मागितली, तर दूधवाला घाबरला. त्याला वाटलं पाण्याचं कळलं. पुढे आठवडाभर दुधावर अशी साय येत होती की मी भावजींना विचारलं, हे घुबड महिन्यातून दोनदा आणता येतं का. आणि मरणाचा दिवस. त्या दिवशी ते दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या मोटारींवर एकेक झेंडूचं फूल ठेवत आणि जेवायला बसले की मला माझ्या आईबद्दल विचारत. ती भाजीत काय घालायची, रागावली की काय म्हणायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या घरात मला हे दुसऱ्या कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मरणाचा दिवस आला की मी जेवायला जरा लवकर बसवत असे.

यात एक अडचण होती. दिवस ग्वाटेमालाचा, आणि तिथे उजाडतं तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होते. त्यामुळे भावजींचा दिवस संध्याकाळी बदलायचा. दुपारी कोणी महत्त्वाचं काम घेऊन आलं की ते म्हणत, आत्ता साप चालू हाय, चहा घ्या, दिवे लागल्यावर बघू. शेतकरी ऐकून घेत, कारण मोटार चांगली भरून मिळत होती. सुरुवातीला रोजचं चिन्ह मोबाइलमध्ये आपोआप दिसायचं. पुढे एकदा ते मोटार पाण्यात सोडून तपासत असताना खिशातला मोबाइल टाकीत गेला, आणि त्यांना ती खूणच वाटली. तिकडच्या गावांत दिवस मोजणारा माणूस असतो, तो हाताने, मनाने मोजतो, मंग आपण मशीनवर का इसंबून राह्यलो, असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या आपल्या नेहमीच्या कॅलेंडरात, जिथे तिथी बारीक अक्षरात छापलेली असते तिथेच, पेन्सिलने चित्रं काढायला सुरुवात केली. मगर पालीसारखी यायची आणि हरीण शेळीसारखं. पण रोज यायचं, आणि त्यावरून ते शेतकऱ्यांना बोअरचे, पेरणीचे दिवसही काढून द्यायला लागले.

अशात परतूरहून गिरणीवाल्या ताई आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक लग्न होऊन सासरी, आणि पिठाची गिरणी एकटीने चालवलेली. गिरणीची मोटार परतुरात दोनदा भरली आणि दोनदा जळाली, तेव्हा कोणीतरी त्यांना अंबडचं नाव सांगितलं. टेम्पोतून मोटार उतरवली तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा पीठ होतं. भावजींनी मोटार उघडून सांगितलं की आधीच्याने तार हलकी वापरली आहे, आणि काम हातात घ्यायला दोन दिवस थांबावं लागेल, कारण सध्या जाळ्याचा दिवस आहे. दुसरी बाई भडकली असती. त्यांनी विचारलं, जाळ्याचा म्हणजे काय, आणि पदराने ओटा झटकून ऐकायला बसल्या. मी डबा घेऊन गेले तेव्हा भावजी तेराव्या आकड्यापर्यंत पोहोचले होते आणि त्या अजून ऐकत होत्या. मी त्याच वेळी मनात नोंद केली.

पुढे ती मोटार भावजींनी इतक्या वेळा परतूरला जाऊन तपासली की मोटारीलाच संकोच वाटला असेल. शेवटी मी त्यांना सरळ विचारलं. ते लाजून म्हणाले की विचारायचं आहे, पण आठ धाग्यालाच विचारीन. आठ धागा म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा दिवस, नव्या फेऱ्याचा. तो नऊ महिन्यांतून एकदा येतो. एकदा आला, तर ताई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. भावजी बंद गिरणीसमोर चहा पिऊन परत आले आणि पुढच्या आठ धाग्याची वाट बघत बसले. तेवढ्या काळात लेकीचं बाळ रांगायला लागलं. आमचे हे म्हणाले, "एक्कावन्नाव्या वर्षी बाशिंग बांधायचं कशाला? टकलावरून घसरंल." भावजी म्हणाले, इलॅस्टिक लावू. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. ताईंची लेक त्यांना सारखी म्हणत होती की गिरणी विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये, आणि गिरणीला गिऱ्हाईकही आलं होतं. ताईंनी अजून हो म्हटलं नव्हतं एवढंच. भावजींना हे माहीत होतं. रात्री जेवताना त्यांचा घास हातात तसाच राहायचा. पण दिवस अलीकडे ओढायला ते तयार नव्हते. माझ्या सगळ्या संसारात, तारीख मला अलीकडे-पलीकडे करता आली नाही असं हे एकच काम होतं.

शेवटी आठ धागा आला, आणि तो सोमवारी आला. सोमवारी गिरणीला सुट्टी असते. मी सोबत गेले, कारण भावजींना एकट्याला सोडलं असतं तर ते मोटार तपासून परत आले असते. दुपारी तीनला आम्ही पोहोचलो. ताईंनी चहा केला. ताईंचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पिठाशिवाय पाहिले. बांगड्या दोनच, हिरव्या. भावजी हवापाणी बोलले, बाजारात कापसाला काय भाव चाललाय ते बोलले, दुसरा चहा झाला. अंबडची शेवटची बस निघायला अर्धा तास राहिला तेव्हा मी डोळ्यांनी खुणावलं. ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, अजून न्हाई उजाडलं तिथं." तिसरा चहा आला. बस गेली; तिचा हॉर्न मी बसल्या जागी ऐकला. मग समोरच्या घरात दिवा लागला, ताई देवापुढे निरांजन लावून बाहेर आल्या, आणि भावजी उभे राहिले. एवढं वाचन केलेला माणूस, मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. ते म्हणाले, "ही मोटार आता जळायची न्हाई. मला इथं यायला काही कारण उरलं न्हाई. मी तसाच येऊन राहू का?"

ताईंनी पदर सारखा केला. मग विचारलं, "अंबडच्या दुकानाचं काय करताल?" हा होकार आहे हे भावजींना कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं. आम्ही कांद्याच्या टेम्पोत बसून अंबडला आलो, आणि घरी पोहोचेपर्यंत माझी कामांची यादी तोंडपाठ तयार होती: लेकीशी बोलणं, नोंदणीचे कागद, साड्या दोन, जेवण घरच्या घरी.

यादीतलं पहिलं काम झालं होतं आणि लेकही, थोडं रडून का होईना, राजी झाली होती, एवढ्यात दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी भावजी जेवायला आले नाहीत. मी दुकानावर गेले. ते नवा घेतलेला मोबाइल हातात धरून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मोबाइलवर ग्वाटेमालातल्या एका गावाचं चित्रण चाललं होतं. बायाबापड्या, धूर, मेणबत्त्या, फुलांची रास. तिकडे आत्ता उजाडलं होतं आणि ते लोक आठ धाग्याचा सण करत होते. आत्ता. गुरुवारी. आणि भावजींनी तर तो दहा दिवसांपूर्वी, सोमवारी, साजरा करून टाकला होता.

घोळ कुठे झाला ते आम्ही दोघांनी मिळून काढलं, आणि असा घोळ आपल्याकडच्याच माणसाचा होऊ शकतो. आपल्या पंचांगात कधीकधी तिथीचा क्षय होतो. आज तृतीया आणि उद्या एकदम पंचमी, चतुर्थी गेली ती गेली. क्वचित एखादी तिथी दोन दिवसही राहते. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. भावजी पेन्सिलने चित्रं काढायचे ती तिथीशेजारी. मग जिथे तिथी गळली तिथे त्यांनी एक चिन्हही गाळलं, आणि जिथे तिथी दोनदा आली तिथे चिन्हही दोनदा काढलं. क्षय काय, सगळ्यांनाच लागत असंल, असं त्यांना वाटलं होतं. माया लोकांच्या मोजणीत मात्र एकही दिवस कधी गळत नाही, कोणासाठी थांबत नाही. गळणं जास्त आणि दोनदा येणं कमी, त्यामुळे पावणेदोन वर्षांत भावजी माया लोकांच्या दहा दिवस पुढे निघून गेले होते. मी बोटं मोजून सोमवारचं खरं चिन्ह काढलं आणि काढल्यावर वाटलं की काढलं नसतं तर बरं. अकरा मगर. डोकं ठिकाणावर नसल्याचा दिवस.

त्यानंतर भावजींनी दोन गोष्टी केल्या. ज्यांना ज्यांना म्हणून दिवस काढून दिले होते, त्यांच्या दारी जाऊन चूक सांगितली. एका शेतकऱ्याला त्यांनी पाण्याच्या चिन्हावर बोअर घ्यायला लावलं होतं. तो बैलाला वैरण टाकता टाकता म्हणाला, पाणी लागलं न्हवं, मंग झालं की. उलट दुसऱ्या बोअरसाठी पण असाच चुकीचा दिवस काढून द्या. हसण्यासारखंच होतं, पण भावजी हसले नाहीत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी परतूरचा फोन उचलणं बंद केलं. मी समजावलं, चिडले, तुमचं जेवण बंद करीन अशी धमकी दिली. ते एवढंच म्हणायचे की चुकीच्या पायावर भिंत घ्यायची न्हाई, आता पुढचा आठ धागा येऊ द्या. पुढचा म्हणजे आणखी नऊ महिने. तिकडे गिरणीचं गिऱ्हाईक अजून थांबलेलं होतं, आणि होकार देऊन बसलेल्या बाईने गावाला काय सांगायचं हा प्रश्न होताच. दोन दिवसांनी ताईंचा मला फोन आला. ते आजारी हाईत का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजारी नाहीत, पण तुम्ही एकदा येऊन जा.

पुढच्याच सोमवारी ताई दुपारच्या बसने आल्या. मी त्यांना दुकानावर घेऊन गेले. भावजी उठून उभे राहिले, स्टूल पुसून दिलं आणि खाली बघत म्हणाले, "मी तुम्हाला मगरीच्या दिवशी विचारलं." ताईंनी माझ्याकडे बघितलं. मगर कुठून आली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग भावजींनी सगळं सांगितलं. तिथी, क्षय, गळलेली चिन्हं, गुरुवारचा धूर. स्वतःची बाजू घेतली नाही. ताईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पहिल्या दिवशी जशा बसल्या होत्या तशाच बसून ऐकलं.

सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "खरा दिवस परत कवा येतो?"

नऊ महिन्यांनी, भावजी म्हणाले.

"आणि त्या दिवशी तुम्ही आल्ते तवा सोमवार होता. तो तर खराच होता ना?"

"सोमवार खराच."

"मंग मी हो म्हणले ते सोमवारी म्हणले," ताई म्हणाल्या. "तुमचा दिवस येईल तवा परत विचारा. मी घरातच असंन."

भावजींनी खिशातून रुमाल काढला आणि टकलावरून फिरवला. मी साड्यांचं बघायला बाहेर पडले.

लग्न झालं, नोंदणीचं, घरच्या जेवणाचं, आणि बाशिंगाला खरोखरच मागून इलॅस्टिक लावावं लागलं. भावजी परतूरला गेले. गिरणीच्या अर्ध्या खोलीत त्यांनी मोटारी भरायचं दुकान मांडलं. कॅलेंडरही नेलं, पण आता चित्रं तारखेशेजारी काढतात, तिथीशेजारी नाही. अंबडच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकणारा बसला आहे. नऊ महिन्यांनी खरा आठ धागा आला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. दिवे लागले, गिरणीवर दळणांची रांग होती, पट्टा फिरत होता, काहीही ऐकू येत नव्हतं. भावजी ताईंच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलले. ताईंनी गिरणीवरचा हात न काढता मान हलवली आणि पुढच्या बाईचा डबा ओढून घेतला. एवढंच झालं. भावजी माझ्याकडे बघून हसले, आणि मी पाहिलं की त्यांच्याही भुवयांवर आता पीठ आहे.

त्या रात्री राहा म्हणत होते, पण घरी आमचे हे एकटे होते, आणि थंडीत दिवे लवकर लागत असल्यामुळे शेवटची बस अजून मिळत होती. निघताना ताईंनी ज्वारीचं ताजं पीठ पिशवीत भरून दिलं. बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेतली, कारण खाली ठेवली असती तर पायांनी लाथाडली गेली असती. पीठ गिरणीतून आलेलं, चांगलं गरम होतं. थंडीचे दिवस, खिडकी नीट लागत नव्हती, आणि ती ऊब मला बराच वेळ पुरली. घरी आल्यावर त्याच पिठाच्या भाकरी केल्या. आमचे हे जेवायला बसले, टोपल्यात बघितलं आणि म्हणाले, आज एवढ्या का केल्यास? मी मोजल्या तर खरंच तिघांच्या होत्या. पीठ ताजं होतं, मी सांगितलं.